अपुरी वार

"पुस्तक ठेव खाली आन् ती वार उचल. तुजी आय दमलीया."

पाटलीणबाई दारातूनच बोलल्या. मी त्यांच्या ओट्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर बसले होते. मांडीवर जीवशास्त्राचं पुस्तक. वर ओट्यावर त्यांची मुलगी कुसुम, माझ्याच वर्गातली. अकरावीची, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकची, परीक्षा पाच दिवसांवर आली होती. मी तिच्याकडून हृदय पाठ करून घेत होते.

कुसुम पायाचा अंगठा ओट्याला घासत राहिली.

मी पुस्तक ठेवलं आणि उठले. राग आला नाही. लोक विचारतात, तेव्हा काय वाटलं? काहीच नाही. पायाला मुंग्या येऊन तो बधिर झाला की चिमटा काढला तरी कळत नाही. तसं सगळं अंग झालं होतं. आणि ते त्या दिवशीच झालं नव्हतं.

आमचं गाव पौडच्या रस्त्यापासून आत. आम्ही मांग. माझी आय सुईण. गावातली निम्मी पोरं तिच्या हातावर आलेली. कुसुमसुद्धा. बाई अडली की आयला घरात घ्यायचे, पार बाजेपाशी. मूल रडलं की आय मागच्या दारानं बाहेर. मग सारवण, गोमूत्र, सगळ्यांच्या अंघोळी. प्यायला पाणी मागितलं तर ओंजळीत, वरून.

वर्गात मुली आम्ही दोघीच. कुसुमचं गणित पक्कं. मला बीजगणित म्हणजे अंधार. तिला शरीर ध्यानात राहायचं नाही, मला एकदा वाचलं की डोळ्यापुढं दिसायचं. म्हणून ती मला पाटीवर समीकरणं सोडवून दाखवायची आणि मी तिला जमिनीवर काटकीनं फुप्फुसं काढून दाखवायची. पुस्तक एकच, तिच्या वडिलांनी पुण्याहून आणलेलं. मी हात लावलेलं पुस्तक आत न्यायच्या आधी ती उन्हात ठेवायची. तो तिच्या आईचा हुकूम. मी तिला ताई म्हणायचं, हा माझ्या आईचा. कुसुम माझ्याहून चार महिन्यांनी लहान.

त्या दिवशी सकाळपासून तिची वहिनी आत कळा देत होती आणि माझी आय तिच्यापाशी होती. आम्ही बाहेर घोकत होतो.

"अशुद्ध रक्त डाव्या कर्णिकेत येतं," कुसुम म्हणाली.

"उजव्या. तिथनं उजव्या जवनिकेत. मग फुप्फुसात."

"माजं हमेशा उलटंच व्हतंय बग."

दुपार कलली तेव्हा मूल रडलं. मुलगा. आत भांडी वाजली, कुणीतरी साखर वाटली. आय मागच्या दारानं बाहेर येऊन गोठ्याच्या भिंतीला टेकली. त्यानंतर ते बोलणं आलं. वार उचल.

मागच्या दाराशी फुटक्या मडक्यात, बाळामागनं पडलेली वार ठेवली होती. मी मडकं परसात नेलं, खड्डा खणला. पुरायच्या आधी ती पालथी घालून पसरली. आय नेहमी तसं करायची. वार पुरी पडली का बघायचं. आमच्या पुस्तकात हा धडा नव्हता. आयला डोळ्यांनी कमी दिसायला लागलं होतं आणि त्या खोलीला खिडकी नव्हती. मी उन्हात होते. मला दिसलं. कडेला बोटभर जागा तुटलेली. तो तुकडा मडक्यात नव्हता.

मी आयला दाखवलं. तिनं वार डोळ्यांजवळ नेली, बोट फिरवलं. "तुकडा आत ऱ्हायलाय," ती म्हणाली.

मी पुढं ओट्यापाशी गेले. "बाई, वार अपुरी हाय. आयला परत आत जाऊ द्या."

"आता न्हाई. सारवलंय, शिंपडलंय, समद्यांच्या अंघोळी झाल्यात. उद्या बगू."

"उद्यापत्तुर रगात जाईल त्यांचं."

"तू मला शिकवतीस व्हय गं?"

मी कुसुमकडं वळले. "कुसुम, आत जाऊन वैनीखालची वाकळ बघून ये."

ताई म्हणाले नाही. तिच्या ध्यानात आलं, माझ्याही आलं. ती आत गेली. परत आली तेव्हा तोंड पांढरं पडलेलं.

"सगळी भिजलीया. वैनी हाक मारली तर ओ देत न्हाई."

पाटलीणबाई दारात तशाच उभ्या. माझी आय गोठ्यापाशी हात जोडून उभी. ती परवानगीची वाट बघत होती. आत एक बाई रिकामी होत होती आणि माझी आय, जिला सगळं येत होतं, ती हात जोडून वाट बघत होती. ते मला बघवेना. मी जाऊन तिचे जोडलेले हात सोडवले. मनगट धरलं. पायऱ्या चढले, ओटा ओलांडला, पुढच्या दारानं आत गेले. पाटलीणबाई आपोआप बाजूला झाल्या. आमचा धक्का लागू नये म्हणून.

"बाटवलंस गं घर!" मागनं आलं.

मी कंदील धरला. आयनं कढत पाण्यानं हात धुतले, वहिनीचं पोट चोळलं, दाबलं, मग आत हात घातला. वहिनी ओरडली. तुकडा निघाला. जरा वेळानं रक्त उणावलं. वहिनीनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. तांब्या माझ्या शेजारीच होता. मीच पाजलं. ती प्याली.

आम्ही पुढच्याच दारानं बाहेर आलो. घर पुन्हा धुतलं गेलं. त्याचा आवाज आमच्या वस्तीपर्यंत येत होता.

दुसऱ्या दिवशी कुसुमचा थोरला भाऊ, त्या बाळाचा बाप, आमच्या दारापुढं आला. हातात खण, नारळ आणि ते पुस्तक. चार हात लांब थांबला. खण-नारळ आयच्या पुढ्यात मातीत टाकला. त्यावर पुस्तक टाकलं.

"परीक्षेपुरतं ठिव. कुसुमनं सांगितलंय. घराकडं येऊ नगंस आता."

आय उचलायला वाकली. मी तिचा खांदा धरला.

"दादा, तुमची बायकू वाचली. हातात द्या, न्हाईतर घेऊन जावा."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. आय कुजबुजली, "उचल गं, पोरी. परीक्षा हाय." मी पदर कमरेला खोचून उभी राहिले. मग त्यानं वाकून सगळं गोळा केलं आणि गेला.

आय माझ्यावर चिडली. "आता कोण बोलवंल आपल्याला?"

"अडल्यावर बोलवतील."

"आन् तू? पुस्तक न्हाई, काय न्हाई."

मी जमिनीवर काटकीनं हृदय काढलं, पुसलं, पुन्हा काढलं. चार दिवस तेच.

निकाल लागला. जीवशास्त्रात पास. गणितात नापास. समीकरणं सोडवून दाखवायला कुणी नव्हतं. कुसुम सगळ्यात पास झाली आणि वैशाखात तिचं लग्न लावून दिलं. तिनं माझ्यासाठी पुस्तक पाठवलं होतं, हे मी विसरले नाही. ते मातीत कसं टाकलं गेलं, तेही नाही.

आयला मी सांगितलं, बाई मरत असंल तर जा. कुणाची का असंना. पण पुढच्या दारानं. पाणी भांड्यातनं. आणि घाण ज्याच्या घरची, त्यानं काढायची. ती म्हणाली, असं कुटं असतंय व्हय?

नसतं. म्हणूनच करायचं.

ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म मी स्वतः भरला. गणिताचा. वडिलांचा धंदा लिहिला. आईचा धंदा विचारला नव्हता, तरी खाली रेघ ओढून लिहिला, सुईण. कारकून म्हणाला, हे लागत नाही. मी म्हणाले, राहू द्या. खोडायचं नाही.