काटेवाल्या ताईंचा कॉम्प्युटर

खडी-वाळूच्या यार्डात शिरताना उजव्या हाताला वजनकाटा आहे. ट्रक काट्यावर चढतो, शेजारच्या खोलीतला कॉम्प्युटर वजन दाखवतो, पावती छापतो, ट्रक पुढे जातो. त्या खोलीत बसतात त्या काटेवाल्या ताई. खोली एवढीशी. एक टेबल, एक खुर्ची, एक खिडकी, चहाची शेगडी आणि टेबलाखाली कॉम्प्युटरचं पिवळं पडलेलं खोकं.

हे खोकं पूर्वी खरोखरच आळशी होतं. सकाळी बटण दाबलं की नुसतं घुमायचं. पडद्यावर एक गोल फिरत राहायचा. चहा पिऊन कप विसळून झाला तरी तो फिरतच. तोवर ट्रक रांगेत. रात्रभर गाडी हाकून आलेले ड्रायव्हर तेवढ्यात पाठ टेकून घ्यायचे. यार्डात गाडी उभी राहता कामा नये, असा मालकांचा दंडक होता. पण कॉम्प्युटरच चालू होत नाही म्हटल्यावर मालक ओरडणार तरी कोणावर?

मग मालकांचा मेहुणा आला. तो कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. त्याने जुनी डिस्क काढून नवी बसवली. दुसऱ्या दिवशी ताईंनी बटण दाबलं आणि चहाचं आधण ठेवायच्या आत कॉम्प्युटर तयार. ताई हिरमुसल्या. घरी उठल्यापासून पाणी भरा, सासूबाईंच्या गोळ्या बघा, दोघी मुलींच्या वेण्या घाला, नवऱ्याचा डबा भरा. दिवसभरात त्या निवांत बसायच्या, त्या फक्त त्या फिरणाऱ्या गोलाकडे बघत. जुन्या डिस्कबरोबर मेहुणा तेवढं बसणंही घेऊन गेला.

तिसऱ्या दिवशी पडदा काळा. का काळा, ते ताईंनाच ठाऊक. पडद्याची वायर खोक्याच्या मागे दोन स्क्रूंवर बसते. ती त्यांनी बोटांनी सैल केली होती. मग खोक्याला कान लावायचा, वरून एक चापट मारायची आणि खिडकीतून मान काढून सांगायचं, "आज फुगून बसलाय हो. पडा जरा."

ड्रायव्हर पडायचे. त्यांच्यातला सगळ्यात जुना दाढीवाला डोळे मिटून म्हणायचा, "सावकाश होऊ द्या ताई. म्हाताऱ्याला घाई करू नये." त्याला सगळं कळलं होतं. तो कशाला बोलतोय!

असं बरेच दिवस सुखाने चाललं. शेवटी मालकांचं डोकं फिरलं. "बाई, सोमवारी मी स्वतः येऊन उभा राहतो. मेहुण्यालाही आणतो. तेव्हा चालू झाला नाही तर हे खोकं भंगारात. मग आपोआप वजन घेणारा काटा बसवतो. त्याला माणूस लागत नाही."

ताई काय ते समजल्या. सोमवारी त्या सगळ्यांच्या आधी आल्या. वायर घट्ट बसवली, खोकं पुसलं आणि साळसूद चेहऱ्याने उभ्या राहिल्या. मालक आले. मागून जांभया देत मेहुणा आला. ताईंनी बटण दाबलं.

खोकं गुरगुरलं आणि गप्प झालं. पुन्हा दाबलं. पुन्हा गुरगुर, पुन्हा गप्प.

बाहेर दाढीवाला खुशाल टॉवेल अंथरत होता. ताई खिडकीशी गेल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "दादा, आज खरंच बंद पडलाय."

"हो ना," दाढीवाला म्हणाला. "आणि तेही मालकांच्या नाकासमोर. मानलं तुम्हाला."

"अहो, गंमत नाही. नोकरी जातेय माझी."

दाढीवाला उठून बसला.

आत मेहुणा हात झटकत होता. "दाजी, गेलं हे. नवं घ्या."

"न उघडताच गेलं?" ताई म्हणाल्या. "आधी पोट तरी बघा त्याचं."

मेहुण्याने नाइलाजाने खोकं उघडलं. मेमरीची पट्टी काढून खोडरबराने घासली, परत बसवली. काही नाही. वायर बदलली. काही नाही. आत खडीची धूळ बोटभर साचली होती. "ही उडवायला हवी. पण ब्लोअर घरी राहिला," तो म्हणाला.

दाढीवाला ट्रकच्या हवेच्या टाकीला जोडलेला पाइप ओढत खिडकीशी आला. "हा घ्या."

"लांबून मारा, पंख्याची पाती तुटतील," मेहुणा सांगतोय तोवर हवा सुटली. खोलीत ढग झाला. धूळ खाली बसली तेव्हा मालक डोक्यापासून बुटापर्यंत पांढरे होते.

तरीही पंखा फिरेना. मेहुण्याने बॅटरीचा उजेड पाडून पाहिलं, चिमटा घातला आणि ओढलं. एक लांब केस आला. मग आणखी. मग केसांचा गुंताच बाहेर आला, वर बिस्किटांचा चुरा चिकटलेला.

"पंखा अडकला की जळू नये म्हणून हे आपणच बंद पडतं," मेहुणा म्हणाला. "पण केस कोणाचे?"

मालकांना टक्कल. मेहुण्याचे केस बारीक कापलेले. तिघांनी दाढीवाल्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता? एवढी लांब असती तर स्टिअरिंगला नसती का गुंडाळली गेली?"

मग सगळ्यांची नजर ताईंच्या वेणीवर गेली. रोजच्या त्या निवांत वेळात ताई खोक्याशेजारी बसूनच केस विंचरत होत्या आणि पंखा इमानाने आत ओढत होता.

मेहुण्याने पंखा मोकळा केला, बटण दाबलं. मालक अंगावरची धूळ झटकतायत तेवढ्यात कॉम्प्युटर चालू. मेहुणा ताईंकडे वळून हळूच म्हणाला, "नवी डिस्क असताना एवढाच वेळ लागतो. मग रोज इतका वेळ काय करत होता हा?"

मेहुण्याने खोक्याच्या मागे पाहिलं. सगळीकडे धूळ, पण पडद्याच्या वायरचे दोन स्क्रू बोटं लागून लखलखीत. मग त्याने शेगडीकडे पाहिलं.

"चहा तुम्हीच करता?"

"हो."

"आलं घालून?"

"तुम्ही म्हणाल तसा."

मेहुण्याने घसा साफ केला. "दाजी, भंगारात नको. दम आहे अजून. पण वय झालंय. चालू केल्यावर अर्धा तास गरम होऊ द्यायचं, तोवर कोणी हात लावायचा नाही. आणि रोज सकाळी मी येऊन बघून जाईन."

"रोज?"

"बहिणीच्या घरचं यंत्र आहे. एवढंही करू नको?"

मालकांना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण फसवणूक ते होऊ देणार नव्हते. "मीही येणार. अर्धा तास झाला की मी सांगेन. मी सांगितल्याशिवाय काटा चालू करायचा नाही."

ताईंना हायसं वाटलं. वायर सैल करा, कान लावा, चापटी मारा, चेहरा पाडा. त्या नाटकात कामापेक्षा जास्त मेहनत जात होती. आता नुसतं बसायचं. केस मात्र त्या दाराबाहेर विंचरू लागल्या.

पहिले दोन दिवस मालक घड्याळाकडे बघत उभे राहिले. मग खुर्चीवर बसले. गुरुवारी त्यांनी मान मागे टाकली आणि तोंड उघडं ठेवून घोरू लागले.

मेहुण्याने कप खाली ठेवला. "ताई, अर्धा तास होऊन गेला की."

"मालकांनी सांगितलं का?"

मेहुण्याने वाकून ऐकलं. "काहीतरी सांगतायत, पण काट्याबद्दल नाही."

ताईंनी खिडकीतून मान काढली. दाढीवाल्याने एक डोळा उघडला. ताईंनी त्याला हातानेच खूण केली, पडा म्हणून.