आधी जुंपून बघू

काल फ्रिज बंद पडला आणि नासलेल्या दुधाच्या आंबूस वासाने मला थेट दिंद्रुडच्या दूध संस्थेच्या ओट्यावर नेऊन बसवलं. दुष्काळात गोठ्यांत दूध उरलं होतं थोडंच, तेही जुन्या टेम्पोवाल्याच्या उशिरामुळे वाटेतच नासायचं. नवा टेम्पो ठरवायला सभा भरली होती. दोघे टेम्पोवाले समोर बसले होते.

चेअरमन अण्णा म्हणाले, "ज्याचं भाडं जास्त, त्याचं काम चोख. त्यालाच देऊ."

सभेत बाई मी एकटीच. तरी उभी राहिले. "अण्णा, बाजारात महागातला बैलबी तुमी आधी गाडीला जुंपून बघता. मग हितंच कावून न्हाई? दोघांच्याबी टेम्पोनं आठवडाभर दूध धाडून बघा."

जास्त भाड्याचा टेम्पोवाला हसला. "एवढं भाडं घेणारा परीक्षा देत नसतो, बाई."

"मग आमाला न्हाई पायजे."

तो तडक निघून गेला. अण्णा माझ्यावर खेकसले, "आन् त्योच चांगला निघाला असता तर?"

"तर त्यालाच दिलं असतं. पर बघून!"

तेव्हा आवाज कापला होता. आज कापत नाही. संध्याकाळी फ्रिजवाला आला. म्हणाला, "मॅडम, आमचा रेट जास्त आहे, पण काम एक नंबर."

म्हटलं, "आधी बर्फ होऊ द्या."