पोटाखालची सावली

व्हर्ना होलीओकसारखा डूख धरणारी बाई ऑस्ट्रेलियातल्या आमच्या या गावात दुसरी नाही. मी तिची शेजारीण, तीस वर्षं पाहतेय. शाळेची बस चालवून ती निवृत्त झाली आणि मग रोज सकाळी गाडीच्या काचा खाली करून, माणूस चालेल इतक्या हळू, जंगलात नंबॅट शोधत फिरू लागली. नंबॅट म्हणजे खारीपेक्षा जरा मोठं, वाळवीवर जगणारं पट्टेरी जनावर. कांगारूच्याच कुळातलं, पण याच्या पोटाला पिशवी नसते. पिल्लं नुसती चिकटून असतात. पट्ट्यांवरून व्हर्ना एकेकाला नावानं ओळखायची.

आमच्या फोटोवाल्यांच्या मंडळात नियम एकच. नंबॅट ज्या पोकळ ओंडक्यात राहतो, तो ओंडका कुणाला दाखवायचा नाही. दाखवला तर नाव कटलं.

शहरातून फोटोवाला लाइल पॅस्को आला आणि मंडळात शिरला. व्हर्नाचे फोटो पाहून म्हणाला, "तुझ्यापुढे मी कोण गं, व्हर्ना?" चढली बाई हरभऱ्याच्या झाडावर! दुफाटीचा ओंडका तिनं त्याला दाखवला. या मादीचा तिसरा पट्टा मधे फाटलेला होता, म्हणून ती दुफाटी.

फेब्रुवारीत, म्हणजे आमच्या ऐन उन्हाळ्यात, त्रेचाळीस डिग्रीच्या उन्हात, दुफाटी ओंडक्याच्या तोंडाशी मरून पडलेली व्हर्नाला सापडली. नखं तुटलेली, पोटाला चार पिल्लं, तीही गेलेली. भोकात एक खाकी मोजा कोंबलेला.

व्हर्ना माझ्या ओट्यावर येऊन बसली. "त्या लाइलची जिरवल्याशिवाय मी मरत नाही," म्हणाली.

"अगं, पण मग ओंडका कुणी दाखवला तेही निघेल. मंडळाशिवाय तुला आहे कोण?"

पण पुढचे तीन महिने ती लाइलशी साखर पेरत बोलली. केक धाडले, फोनवर गोडगोड आग्रह केला. "तुझा नंबॅटचा फोटो पाठव ना रे आपल्या प्रदर्शनाला." त्यानं दुफाटीचाच पाठवला आणि पहिलं बक्षीस त्यालाच मिळालं.

त्या दिवशी सगळं मंडळ सभागृहात चहा पीत उभं होतं. व्हर्ना भोळा चेहरा करून म्हणाली, "फोटो किती वाजताचा रे?"

"फेब्रुवारीतला, सकाळी सातचा."

"आणि सावली पोटाखाली? सकाळी सातला ती लांब पडते, बाळा."

कप हातात धरून सगळे फोटोकडे वळले. फेब्रुवारीच्या भर दुपारी नंबॅट ओंडक्यातच असतो, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे. बाहेर उभा असेल तर त्याला आत जाताच आलेलं नाही.

लाइल हसला. "एखादं जनावर असतं वेगळं."

व्हर्नानं पर्समधून मोजा काढून त्याच्या बक्षिसावर ठेवला. "तुझाच आहे, दुफाटीच्या ओंडक्यात कोंबलेला. धुऊन इस्त्री करून आणलाय. चार पिल्लांची आई होती रे ती, मेल्या."

"माझा कशावरून?"

"कारण तो ओंडका तुझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हता."

आमचा म्हातारा अध्यक्ष मर्व्ह, त्यानं कप खाली ठेवला. व्हर्नाला मंडळात आणणारा तोच. "त्याला कुणी दाखवला, व्हर्ना?"

मी मागून तिची बाही ओढली. तिनं ती सोडवून घेतली.

"मी," ती म्हणाली. "सभासदांची वही आण, मर्व्ह."

मर्व्हनं लाइलचं नाव खोडलं आणि पेन हातात धरून नुसताच उभा राहिला. तेव्हा व्हर्नानं त्याच्या हातातून पेन काढून घेतलं आणि कागद फाटेपर्यंत स्वतःच्या नावावर रेघ ओढली.