जिल्हा व्हायच्या आधीची टायपिस्ट

सुशीलाआक्का बोलायला लागली की तिची बोटं समोर जे असेल त्यावर टाइप करायची. पिठावर, रांजणावर, आमच्या म्हशीच्या पाठीवर. म्हशीला ते इतकं अंगवळणी पडलं की ओळ संपली की ती आपणहून एक पाऊल सरकायची. कुणाला खोटं वाटत असेल, तर म्हैस आता हयात नाही, एवढंच सांगतो.

अहमदपुरात विहारामागच्या गल्लीत आमची घरं भिंतीला भिंत लागून. आक्का त्या गल्लीतली पहिली मॅट्रिक झालेली सून, आणि मॅट्रिक होऊन दुष्काळी कामावर खडी फोडणारीही पहिलीच. दुष्काळ असा, की गोष्टीतला तहानलेला कावळा आमच्याकडे आला असता तर त्याला खडे हवे तेवढे मिळाले असते. पाणी तेवढं नसतं. दगडांचा ढीग बघूनच बाया रडकुंडीला यायच्या. आक्का म्हणायची, "ढिगाकडं बघू नगं बाई. ढीग बघितला की हातोडा जड व्हतो. म्होरला दगड बघ."

त्याच खडीवर तिने ठरवलं, लातूरचा जिल्हा होईल तेव्हा तिथल्या कचेरीत टायपिस्ट व्हायचं. जिल्ह्याचं तेव्हा नुसतं बोलणं होतं. आहे त्या जिल्ह्यातच अर्ज का करत नाहीस, असं मी विचारलं. म्हणाली, "तिथल्या खुर्च्या भरल्यात, भाऊ. नव्या जिल्ह्यात समद्या रिकाम्या असतील." अडचण एकच होती. सरकारी नोकरीला वयाची अट असते, आणि आक्काचं वय जिल्ह्यापेक्षा जोरात चाललं होतं.

नांदेडच्या भावाकडून तिने टाइपयंत्रावरच्या अक्षरांचा नकाशा मागवला आणि तेलाच्या डब्याच्या पत्र्यावर उतरवून घेतला. खडीवरून आली की हातपाय धुऊन त्यावर बसायची. रोज एकच ओळ. पण ती बिनचूक आल्याशिवाय उठायची नाही. तिची सासू गोदामावशी दारात बसून आल्यागेल्याला सांगायची, "जिल्हा न्हाई, हापिस न्हाई, मशीन न्हाई, अन् आमची सून टाइप करून राहिली."

पुढे पाऊस पडला, खडी सुटली, पत्रा सुटला नाही. आक्का नांदेडला टायपिंगच्या परीक्षेला बसली. खरं यंत्र तिने तिथेच पहिल्यांदा पाहिलं. हात खडी फोडलेले; अक्षरागणिक कागदाला भोक. परीक्षकाने कागद उजेडाला धरला तर त्यातून पलीकडची गोदावरी दिसली म्हणतात. चूक एकही नव्हती. वाचायला अक्षरही नव्हतं. नापास.

मी समजूत घालायला गेलो. गोदामावशी म्हणत होती, आता पुरे, शेजारी हसून राहिलेत. आक्काने पत्रा पुसला आणि म्हणाली, "बोटं चुकली न्हाईत. वजन चुकलं. उद्यापासून वजन."

त्या उन्हाळ्यात मावशीने अंगणात उडदाचे पापड घातले की ते ओले असतानाच आक्का त्यांच्यावर टाइप करायची. पहिले कितीतरी दिवस सगळ्या पापडांची चाळणी झाली. मावशी शिव्या द्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लाटायची. तेवढे पापड त्या घरात कुणी खात नव्हतं, हे मला दिसत होतं. पावसाळ्याच्या तोंडाला आक्काचा हात असा हलका झाला, की पापडावर बसलेली माशी न उठवता ती ओळ पुरी करायची.

दुसऱ्या खेपेला ती पास झाली. मग नुसती वाट. जिल्हा होणार, नाही होणार, पुढच्या वर्षी होणार. गल्लीने नाद सोडला. आक्काची रोजची ओळ चालूच. जिल्हा झाला तेव्हा गावात गुलाल उधळला गेला. तिचं वय अटीबाहेर जायला थोडेच महिने उरले होते. आक्काने अर्जाला गुलालाचा हात लागू दिला नाही. तो स्वच्छ गेला, आणि नेमणुकीचा हुकूम आला.

निघायच्या दिवशी आम्ही सगळे एसटी स्टँडवर. लातूरची गाडी गच्च भरलेली. आक्का कशीबशी चढली, खिडकीशी जागा मिळाली. गोदामावशी खिडकीकडे गेलीच नाही. पदर खोचून थेट कंडक्टरकडे गेली आणि म्हणाली,

"मास्तर, डायव्हरला म्हणावं, सावकाश हाक. आत जिल्हा बसलाय."