आबांची रविवारची लाइन

आमच्या घरी इंटरनेट आलं ते आबांसाठी, हे आधीच सांगून टाकते. गल्लीत सगळ्यांना वाटायचं, शाळेतल्या बाईंना नवीन हौस सुचली. हौस कसली डोंबलाची. शाळा, स्वयंपाक आणि तपासायच्या वह्या यातून मान वर काढेपर्यंत माझे डोळे मिटायला लागायचे.

आबा म्हणजे माझे वडील. भुसावळला रेल्वेच्या शेडमध्ये बॉयलरवर होते. उभा जन्म लोखंडावर घण घालण्यात गेला आणि निवृत्त होऊन जळगावला घर बांधलं तोवर दोन्ही कान कामातून गेले. कानाचं यंत्र आणलं होतं. त्यातून माणसाचं बोलणं सोडून बाकी सगळं ऐकू यायचं, म्हणून आबांनी ते कपाटात टाकलं. मी त्यांच्याशी पाटीवर लिहून बोलायचे. ते तोंडाने उत्तर द्यायचे, तेही गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात.

माझा धाकटा भाऊ अमेरिकेत नोकरीला गेला आणि तिकडून त्याचे फोन यायला लागले. आबा रिसीव्हर कानाला लावून "मी बरा आहे. तू बरा ना? ठेव आता, बिल येईल" असं एका दमात ओरडायचे आणि रिसीव्हर माझ्या हातात द्यायचे. पुढचं सगळं माझ्याकडे. भाऊ बोलणार, मी पाटीवर लिहिणार, आबा ओरडणार, ते मी फोनवर सांगणार. यात पाच वाक्यांचं एक होतंच. बर्फात गाडी घसरली, कुणा म्हातारीने घरात घेऊन कॉफी पाजली, असं भाऊ रंगवून सांगायचा आणि मी पाटीवर लिहायचे, "तिकडे बर्फ आहे. बरा आहे." काय करणार, एका हातात फोन असायचा.

आबांना ते कळायचं. एकदा तावातावाने म्हणाले, "तो एवढा वेळ बोलत होता आणि तू चार शब्द लिहिलेस. बाकीचं कुठे गेलं?" मी चिडून पाटी आपटली. पण त्यांचं खरं होतं. त्यांना मुलाशी स्वतः बोलायचं होतं, मध्ये कुणीही नको होतं. आई गेल्यापासून तर त्यांना तेवढी एकच इच्छा उरली होती.

जळगावात इंटरनेटचा लोकल नंबर सुरू झाला त्या सुमारास भाऊ सुट्टीवर आला. त्याने कॉम्प्युटर घेऊन दिला, फोनच्या तारेला मॉडेम जोडला आणि आबांना चॅटची खिडकी दाखवली. इकडे लिहायचं, तिकडे दिसतं. तिकडे लिहिलं की इकडे दिसतं. कान लागतच नाहीत. आबा त्या पडद्याकडे बघतच राहिले. इंग्रजी अक्षरं त्यांना इंजिनांवरची आणि डब्यांवरची वाचून पाठ होती. त्या अक्षरांत मराठी लिहायचं हे त्यांना भाऊ परत जायच्या आत जमलं. एका बोटाने, पण जमलं.

मग दर रविवारी सकाळी हा कार्यक्रम ठरला. भावाकडे तेव्हा शनिवारची संध्याकाळ असायची. आबा लवकर आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, भांग पाडून खुर्चीत बसायचे. नंबर मीच लावून द्यायचे. मॉडेम किंचाळायला लागला की मी कानावर हात ठेवायचे, आणि आबा शांतपणे त्याच्या लाल दिव्यांकडे बघत बसायचे. दिवे स्थिर झाले की मला हाताने खूण करायचे, जा आता आत.

लिहायचे ते मात्र पोस्टात टाकायच्या पत्रासारखं. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला "चिरंजीवास अनेक आशीर्वाद", मग "विनंती विशेष", आणि मग मुद्दा. मुद्दा काय, तर "केळी स्वस्त झाली आहेत." एक अक्षर चुकलं तर सगळी ओळ पुसून पहिल्यापासून. मी मदतीला गेले तर हात झटकायचे.

पण लाइन म्हणजे नुसता वैताग होता. आबांनी ओळ पाठवली की ती तिकडे पोचायला आणि भावाचं उत्तर यायला इतका वेळ लागायचा की मी मधल्या वेळात कणीक मळून ठेवायचे. त्यातून दोन ओळी होतात न होतात तोच दिवे विझायचे. आबा आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडायचे, "तुटला!" आणि हात मांडीवर ठेवून बसून राहायचे. त्यांचा तो चेहरा बघितला की माझं डोकं फिरायचं.

मी काय काय नाही केलं. नवी वायर आणली. फोनच्या ऑफिसात तक्रार केली. लाइनमन आला, बाहेरच्या डबीत फोन लावून बघितला, "लाइन ओके आहे बाई" म्हणाला आणि चहा पिऊन गेला. वैशाखात आबांनी वेगळाच शोध लावला. म्हणाले, पेटी तापते म्हणून अडते. आणि मला न विचारता अख्खा कूलर मॉडेमसमोर आणून ठेवला. पेटी गार झाली, कीबोर्डवर पाण्याचे शिंतोडे उडाले आणि लाइन होती तशीच राहिली. शेजारी उकाड्याने मरत होते आणि आमच्याकडे मॉडेमला वाळ्याचं वारं चालू होतं.

शेवटी भावाने मेल पाठवली. त्याच लाइनवर घरात दुसरा फोन जोडलेला असेल तर काढ, त्याने वेग कमी होतो आणि कुणी उचलला तर कनेक्शन तुटतं. आतल्या खोलीत एक जादा फोन होता, तो मी काढला. काही फरक नाही. मी भावाला ठामपणे कळवलं की घरात आता एकच फोन आहे.

आणि ते मी अगदी खरं समजून लिहिलं होतं. आता पुढच्या प्रकारासाठी थोडं मागचं सांगावं लागेल. गल्लीत पहिला फोन आमच्याकडे आला होता. त्यामुळे आजूबाजूचे सगळे आपापल्या पाहुण्यांना आमचाच नंबर द्यायचे आणि नंबरापुढे पीपी लिहायचे, म्हणजे शेजारचा फोन. सगळ्यात जास्त फोन असायचे भिंतीपलीकडच्या अक्कांना. त्यांची लेक पारोळ्याला दिलेली, तिचा सारखा फोन. अक्कांचे गुडघे दुखायचे, त्यांना आमच्या पायऱ्या चढवायच्या नाहीत, आणि हाका मारून मारून आईचा घसा बसायचा. म्हणून आईने आमच्या खिडकीतून एक तार काढून भिंतीवरून अक्कांच्या ओसरीपर्यंत नेली होती आणि तिथे एक फोन ठेवला होता. याला कित्येक वर्षं झाली. तो फोन आमच्या तारेवर आहे हे कुणाच्या लक्षातसुद्धा राहिलं नव्हतं. सगळे त्याला अक्कांचा फोनच म्हणायचे, मीसुद्धा. भावाने विचारलं घरात दुसरा फोन आहे का, तर अक्कांचा फोन आमच्या घरात कुठे होता?

एका रविवारी आबा असेच "तुटला" म्हणून ओरडले. मी तणतणत मागच्या दारी कपडे वाळत घालायला गेले, तर भिंतीपलीकडे ओसरीवर अक्का रिसीव्हर कानाला लावून, कपाळाला आठ्या घालून बसलेल्या.

"काय झालं अक्का?"

"काय नही व माय," अक्का म्हणाल्या. "दर रविवारले पोरना फोन येस नही. म्हनीसन उचलीसन देखस, चालू शे का बंद शे. त्यामा नुसती चरचर येस."

मी ओला टॉवेल खांद्यावर टाकून तिथेच उभी राहिले. आम्ही नेट लावलं की अक्कांच्या लेकीला लाइन मिळायची नाही. लेकीचा फोन आला नाही की अक्का उचलून बघायच्या. अक्कांनी उचललं की आबांचं बोलणं तुटायचं. आणि मी बिचाऱ्या लाइनमनला शिव्या घालत होते.

मी अक्कांना सगळं सांगितलं. त्यांना मॉडेम कळला नाही, पण आबांना मुलाशी बोलायचं आहे एवढं कळलं. त्या म्हणाल्या, "मंग काढी टाक ती तार. मी पोरले सांगसू, दुपारले फोन कर. तू आवाज दे, मी येसू." आणि त्यांनी स्वतःच तो फोन उचलून, वायर गुंडाळून भिंतीवरून माझ्या हातात दिला. मला फार बरं वाटलं आणि थोडं ओशाळल्यासारखंही झालं.

तार काढायचं काम आबांनीच केलं. पक्कड घेऊन स्टुलावर चढले आणि खिडकीतला जोड उघडला. काळ्या चिकटपट्टीखाली तांबं पार हिरवं पडलं होतं. आबांनी अक्कांकडची तार छाटली, आमची घासून लख्ख केली आणि नवीन जोड मारला. हात पुसत म्हणाले, "आता बघ कशी पळते."

पुढच्या रविवारी खरोखरच पळाली. इकडे ओळ पाठवली की तिकडून उत्तर हजर. मी आनंदाने आबांच्या पाठीशी उभी राहिले.

भावाच्या ओळी भराभर यायला लागल्या. आबा, कसे आहात. चहा झाला का. गुडघ्याला तेल लावता ना. इकडे मी घर बदलतोय. आबा अजून "चिरंजीवास" लिहीत होते. नवा प्रश्न दिसला की गोंधळायचे, लिहिलेलं पुसून त्याचं उत्तर द्यायला घ्यायचे, तोवर आणखी एक. खाली ओळी येतच होत्या. आबा? आहात का? लिहा ना काहीतरी. आबांचं बोट कीबोर्डवर भिरभिरत होतं, सापडत काहीच नव्हतं. शेवटी "अनेक आशीर्वाद" एवढंच गेलं. त्यावर भावाने लिहिलं, "आबा, दर वेळी आशीर्वाद नका लिहू, फार वेळ जातो." आणि लगेच खाली, "ताई आहे का तिथे? तिला बसवा, पटकन होईल."

आबांनी ते पडद्यावर बोट ठेवून वाचलं. मग खुर्चीतून उठले. "बस. तुला बोलावतोय," म्हणाले. कान गेल्यापासून त्यांचा इतका हळू आवाज मी ऐकला नव्हता.

मी बसले. मी भराभर लिहिलं, त्याने भराभर लिहिलं, सगळं बोलणं झटक्यात उरकलं. मागून आबांनी विचारलं, "काय म्हणतो?" आणि मी पाटी शोधायला उठले.

त्यानंतर रविवारी सकाळी आबा पिशवी घेऊन भाजीला जायला लागले. मला भावाचा मनस्वी राग आला होता. दिवसभर मशीनसमोर बसणारा मुलगा, त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, हे कळत होतं तरी राग जात नव्हता. मी पाटीवर लिहिलं, "मी त्याला सांगते, आबांना वेळ लागतो, दम धर." आबांनी ते स्वतःच्या हाताने पुसलं. म्हणाले, "काही सांगू नकोस. त्याला वाटेल, बापाला आता काही होत नाही."

आणि मग एका रविवारी ते भाजीला गेले नाहीत. मी नंबर लावला तेव्हा धुतलेला सदरा घालून खुर्चीमागे येऊन उभे राहिले. दिवे स्थिर होते, लाइन स्वच्छ होती. आबा म्हणाले, "त्याला लिही, लाइन पुन्हा बिघडली."

मी वळून त्यांच्याकडे बघितलं. ते पडद्याकडेच बघत होते.

मी लिहिलं, "लाइन पुन्हा बिघडली आहे. एकेक ओळ पोचायला फार वेळ लागतो. आबा बसताहेत."

उत्तर लगेच आलं. "असू दे ताई. आबांना सांग, घाई नाही. मी थांबतो."

मी उठले आणि आबा बसले. आत जाऊन मी भात टाकला, भाजी फोडणीला घातली. बाहेर येऊन बघितलं तर आबांची पहिली ओळ अजून चालूच होती, आणि भावाकडून मधे एक अक्षरही आलं नव्हतं. तो थांबला होता.