पुढंकायताई

ताईंच्या टेबलावर माल ठेवला की त्या तो हातात फिरवून एकच विचारायच्या, "हे विकलं. पुढं काय?" म्हणून सगळा कारखाना त्यांना पुढंकायताई म्हणायचा, अगदी तोंडावरसुद्धा. त्या हसायच्या.

शिरूर कासारजवळ आमची पंप आणि व्हॉल्व बनवणारी सहकारी संस्था होती. मी मालखात्यात होतो. काही व्हॉल्व पाण्याला चालतात, तसेच विषारी वायू बनवणाऱ्या कारखान्यालाही चालतात. असा माल परदेशी धाडायला सरकारी परवाना लागतो. कोणता नग साधा, कोणता परवान्याचा, हे ठरवून सही करणं ताईंचं काम. चकलांब्याच्या बौद्ध शेतकऱ्याची ही लेक शिकून इंजिनिअर झाली होती. पण जेवणाच्या सुट्टीत बसायची ती टर्नर शेषेरावांच्या शेजारी, त्यांच्या डब्यातला ठेचा हक्काने ओढून घेत.

मग दुष्काळ पडला. जमिनीत पाणीच नाही, तर पंप कोण घेणार? तेवढ्यात परदेशातून मोठी मागणी आली. आतून खास अस्तर लावलेले व्हॉल्व हवे होते. कशासाठी, ते व्यापारी सांगेना. ताई परवान्याचं बोलल्या, तर म्हणाला, पाण्याचे व्हॉल्व म्हणून पाठवा, नाहीतर राहू द्या.

चेअरमन आबा म्हणाले, "पान्याचे म्हना की, ताई. कोन बघायलंय तिकडं?"

"आबा, पाण्याला असलं अस्तर कुणी लावत नाही. तो काम सांगत नाही, आणि मी सही करू?"

"आन् हितल्या मानसांनी खायाचं काय?"

ताईंनी सही केली नाही.

मागणी गेली आणि दिवाळीच्या आधीच लेथ बंद पडले. शेषेराव बायकोलेकरांना घेऊन ऊसतोडीला गेले. ऑफिसातले आम्ही काहीजण तेवढे राहिलो. पगाराच्या दिवशी ताई माझ्याकडे बघायच्या नाहीत, मी त्यांच्याकडे बघायचो नाही. जेवणाच्या सुट्टीत त्या आता एकट्याच बसायच्या.

एका रविवारी म्हणाल्या, "चला, शेषेरावभाऊंकडे जाऊन येऊ." एसटी बदलत बदलत आम्ही दूरच्या उसाच्या फडात पोचलो. शेषेराव डोक्यावरून मोळ्या आणून बैलगाडीत रचत होते. त्यांची दहावीतली मुलगी मीना वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधत होती, धाकटा मुलगा बैल धरून उभा होता. शेषेराव रागावले नाहीत. पाणी दिलं आणि म्हणाले, "ताई, त्या व्हॉल्वनं तिकडं कुनाचं लेकरू मेलं असतं का?"

"माहीत नाही, भाऊ."

"माझी ही दोन मातर मला दिसायलीत."

ताई मीनाशेजारी बसून पेंढ्या बांधू लागल्या. पात्यांनी हात कापले तरी उठल्या नाहीत. निघताना म्हणाल्या, "दोघांना माझ्याकडं बीडला पाठवा. शाळेचं मी बघते."

"मीनाला न्या," शेषेराव म्हणाले. "धाकटा न्हाई. बैलामागं कोन ऱ्हाईल?"

मीना ताईंच्या खोलीवर राहून दहावी झाली, पुढे नर्स झाली. पाऊस झाल्यावर कारखाना पुन्हा सुरू झाला. "ताई, तुमचंच बरोबर होतं," असं कुणी म्हणालं की ताई उठून बाहेर जायच्या.

बऱ्याच वर्षांनी मीनाला कायमची नोकरी लागली तेव्हा शेषेराव पेढे घेऊन आले. मी तिथेच होतो. ताईंनी विचारलं, "धाकटा काय करतो?"

"लई चांगलं चाललंय त्याचं," शेषेराव कौतुकाने म्हणाले. "औंदा सोताची टोळी घेऊन ऊसतोडीला गेलाय. बायकोबी हाय संगं, लेकरूबी हाय."

ताईंनी हातातला पेढा तसाच टेबलावर ठेवला.