रेषा संपल्यावरची विहीर

गजाननने लाल रंगाचा डबा उघडला होता आणि ब्रश हातात धरून तो माझ्याकडे बघत होता. विहिरीच्या कठड्यावर युसूफचाचा बसले होते. उठायचा त्यांचा विचार दिसत नव्हता.

“मॅडम, रस्ता तर अजून दिसून न्हाई राह्यला,” चाचा म्हणाले. “मंग त्याला माझी विहीर कशी दिसली?”

प्रश्न बरोबर होता. वडीगोद्रीच्या अलीकडे एका गावाला वळसा घालून बायपास जाणार होता. जमिनीवर त्याचा मागमूस नव्हता. कापूस, सोयाबीन आणि चाचांची मोसंबीची बाग. रस्ता होता तो फक्त माझ्या लॅपटॉपमध्ये. मी एका सर्व्हे कंपनीत सर्व्हेअर आहे. रस्त्याच्या हद्दीत जे जे येतं त्यावर लाल खूण करायची, हे आमचं त्या दिवशीचं काम. लाल खूण झाली की विहीर बुजणार, आणि विहीर बुजली की बागेचं सरपण होणार. चाचांना हे माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

खरं तर आधी रस्त्याच्या मधल्या रेषेच्या खुंट्या ठोकायला हव्या होत्या. पण दुसऱ्या दिवशी भूमिपूजन होतं, आणि आमची माणसं मांडवाची जागा आखण्यात गुंतली होती. आमचे प्रोजेक्ट मॅनेजर ढवळे साहेब सारखे फोन करत होते. “पाहुण्यांना लाल रंग दिसला पाहिजे. काम सुरू झाल्यासारखं वाटतं.” बागेच्या समोरच्या बाजूला सोफे उतरत होते. संगमरवरी कोनशिला आधीच चौथऱ्यावर चढली होती. तिच्यावर मान्यवरांची नावं ठळक होती. रस्त्याचं नाव सगळ्यात खाली, चष्मा लावून वाचण्याइतकं.

“या, दाखवते,” मी चाचांना म्हटलं आणि जीपच्या बॉनेटवर लॅपटॉप उघडला.

शाळेत आपण बिंदूपासून रेषेवर लंब टाकायचो. आमच्या धंद्यात त्या लंबाच्या लांबीला ऑफसेट म्हणतात. रेषेच्या सुरुवातीपासून तो लंब किती पुढे पडला, ते चेनेज. सॉफ्टवेअरला बिंदू दाखवायचा, रेषा दाखवायची, की दोन्ही आकडे हजर. उजवीकडचा ऑफसेट अधिक, डावीकडचा उणे. मधल्या रेषेपासून दोन्हीकडे पंधरा मीटर ही आमची हद्द. ऑफिसातून आलेल्या हिशेबात विहिरीचा ऑफसेट होता तेरा.

“म्हणजे दोन मीटरनी मेलो,” चाचा म्हणाले.

“असं बघा चाचा. या रेषेवरून चालत निघायचं. चारशे अडतीस मीटर गेलं की थांबायचं, उजवीकडे काटकोनात वळायचं, आणि तेरा मीटरवर तुमची विहीर.”

“अन् ही रेषा केवढी हाय?”

मी रेषेवर क्लिक केलं. लांबी चारशे दहा.

चारशे दहा मीटरच्या रेषेवर चारशे अडतीस मीटर चालायचं कसं? पुढचे अठ्ठावीस मीटर कुणाचे? मी स्क्रीनवरचा नकाशा लहान केला आणि पूर्ण बायपास दिसला. रेषा संपते तिथून रस्ता डावीकडे, गावाच्या बाजूला वळत होता. ऑफिसात कुणीतरी अख्खी मधली रेषा न निवडता तिचा एकच सरळ तुकडा निवडला होता. सॉफ्टवेअर आज्ञाधारक. रेषा संपली म्हणून ते थांबलं नाही. मनातल्या मनात त्याने रस्ता तसाच सरळ मोसंबीत घातला आणि तिथून अंतर मोजलं.

“गजानन, ब्रश खाली ठेव!”

“खालीच हाय मॅडम,” तो म्हणाला. “मी कवाच ठेवला.”

सगळे तुकडे जोडून मी पुन्हा हिशेब लावला. ऑफसेट आला जवळपास बावीस. मी चाचांना आकडा सांगितला नाही. स्क्रीनवरचा एक आकडा चुकला होता, दुसऱ्यावर त्यांनी विश्वास का ठेवावा? रोव्हर घेऊन, म्हणजे उपग्रहावरून जागा शोधणारं आमचं यंत्र घेऊन, मी सोयाबीनमध्ये घुसले. खऱ्या मधल्या रेषेवरचा बिंदू सापडला तिथे गजाननने खुंटी ठोकली. टेपचं एक टोक त्याच्याकडे, दुसरं घेऊन मी काटकोनात विहिरीकडे निघाले. चाचा माझ्या शेजारून चालत होते. पंधरावर मी टाच रोवली आणि समोर बघितलं. विहीर अजून लांब होती.

“हद्द इथं संपली?” चाचांनी विचारलं.

“इथं.”

“बराबर?”

“बिलकुल बराबर.”

ते उरलेली जागा पावलांनी दोनदा मोजून आले. मग म्हणाले, “बेटा, चहा घेतल्याबिगर जायचं न्हाई.”

मी ढवळे साहेबांना फोन लावला. विहीर बाहेर आहे, हिशेब चुकलाय, लाल खुणा थांबवते.

“मॅडम, एका विहिरीसाठी उद्याचा कार्यक्रम...”

तेवढ्यात माझी नजर समोरच्या संगमरवराकडे गेली. कोनशिलेची जागासुद्धा ऑफिसने त्याच तुकड्यावरून काढून दिली होती. हद्दीबाहेर, डावीकडे, उणे वीस. आणि रस्ता डावीकडेच वळत होता. फोन कानाला तसाच धरून मी कोनशिलेचा बिंदू नव्या रेषेला लावला.

“साहेब, कोनशिला उणे दहावर आहे.”

“म्हणजे?”

“हद्दीच्या आत. नकाशात तिथे गटार आहे.”

मग साहेब हळू आवाजात म्हणाले, “लाल खुणा थांबवा. सगळं पुन्हा मोजा. आणि हे उद्या संध्याकाळपर्यंत कुणाला बोलू नका.”

भूमिपूजन थाटात झालं. पडदा सरकला, टाळ्या पडल्या. आम्ही पुन्हा सगळं मोजलं आणि विहीर यादीतून निघाली. पुढे खोदकाम सुरू झालं तेव्हा सगळ्यात आधी उचलावी लागली ती रस्त्याचीच कोनशिला. क्रेनला लोंबकळणारी ती बघायला चाचा मुद्दाम बागेतून आले होते.

“मॅडम,” त्यांनी गंभीरपणे विचारलं, “दगडालाबी मोबदला भेटतो का?”

तेव्हापासून मी रेषा किती लांब आहे ते आधी बघते. तिच्या आड कोण येतं, हा प्रश्न नंतरचा.